बाणातला ण

बेकरीवाला विचारतो, नाव काय टाकू?
दहा वर्षं मी ‘मनू’ सांगत आलो,
दोन अक्षरं, एक ऊकार, काम झालं.
यंदा खिशात चिठ्ठी आहे,
वहीतून फाडलेली नव्हे, पट्टी लावून कापलेली:
मृण्मयी.
बाणातला ण. नळातला नाही.
खाली दोन रेघा.

धनकवडीत या वेळी रिक्षा वळायलाही जागा नसते.
मी वर्कशॉपमधून तसाच आलोय,
नखांत स्वारगेटचं ग्रीस,
म्हणून काचेला हात न लावता
चिठ्ठी कोपऱ्याला धरून पुढे करतो.
पोरगा हासनचा. मराठी बोलतो माझ्याहून भरभर,
पण ते जोडाक्षर बघून क्रीमची पिशवी खाली ठेवतो,
हात पुसतो,
आणि परत उचलतो.

ही अशी कधी झाली, तो दिवस मला सापडत नाही.
इंजिनाचा आवाज बदलतो तसं ते.
रोज ऐकणाऱ्याला कळत नाही,
सुट्टीवरून आलेला ड्रायव्हर म्हणतो,
काय हो, ही आता वेगळंच बोलायला लागली.
नगरहून तिची मावशी आली, ती म्हणाली.

जूनमध्ये मला शाळेच्या फाटकावरून
रसवंतीपर्यंत मागे सरकवलं.
मग व्हॅनवाल्या काकांशी भांडली,
लहान पोराला दाराशी का बसवता म्हणून.
आता ते तिला मॅडम म्हणतात, अर्धं चिडून.
एकदा खोटं बोलली, पूर्ण तयारीनिशी,
साक्षीदारासकट.
मी रागावलो. रागावायलाच हवं होतं.
तयारी मात्र चोख होती.

आणि परवा बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती.
मी मीटर बघायला निघाल्यासारखा
जिन्यात उभा राहिलो.
उज्ज्वला म्हणाली, विचारू नकोस.
मी विचारलं नाही.
दिवा गेला, जिन्यातला, आपोआप जाणारा,
मी हात हलवून तो परत लावला,
असं चार वेळा.

दोन्ही चालतात गं, मी तिला म्हणालो होतो,
न पण आणि ण पण, कोशात बघितलंय मी.
चालत असतील, ती म्हणाली, माझा हा आहे.

आता एक गोष्ट, जी तिला माहीत नाही.
अकरा वर्षांपूर्वी जन्मदाखल्याच्या खिडकीशी
मी दोन रात्रींचा जागा होतो.
नाव उज्ज्वलाने ठरवलेलं, आणि ती दवाखान्यात झोपलेली.
आतल्या बाईंनी विचारलं, न कुठला?
मागे रांग. मी म्हणालो,
तुम्ही घालाल तो.
त्यांनी चष्मा वर केला,
पंख्याकडे पाहिलं एक क्षण,
आणि ण घातला.

घरी खोका उघडला.
मृन्मयी.
नळातला.
गुलाबी, जरा उजवीकडे कललेला.
मी बदलून आणतो म्हणत एक चप्पल घातलीसुद्धा.
ती वाकून बघत राहिली, बराच वेळ,
इतका की शेजारच्या लोणकरांनी
टाळ्यांसाठी जवळ आणलेले हात खाली घेतले.
राहू दे, म्हणाली.
य बघ किती छान काढलाय त्याने.

गाणं म्हणायचं नाही, हे आधीच बजावलेलं.
त्यामुळे अकरा मेणबत्त्या
सगळे गप्प असताना विझल्या,
आणि खिडकीतून कात्रजकडचा गार वारा आला
तो सगळ्यांना ऐकू आला.

मग तिने सुरी आडवी धरली,
शेजारच्या अक्षरांना धक्का न लावता
तेवढा न उचलला,
आणि माझ्यासमोर धरला.
हा तू खा, बाबा.

ग्रीस अजून पुरतं निघालं नव्हतं,
मी नुसतं तोंड पुढे केलं.
त्या खिडकीचं सांगणारच होतो.
पण तोंड भरलेलं होतं.